उशी कुठल्या बाजूला

३ मार्च, सोमवार

हे आजही बाहेरच झोपले! लिफ्टसमोर जरा वारा तरी असतो, तिथे नाही. आमच्या बेडरूमच्या भिंतीला चिकटून, आग विझवायच्या त्या लाल पाइपाखाली. समोरच्या मृणालिनीने दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि ह्यांच्या पायावर पाय पडता पडता राहिला. ‘वहिनी, भांडण झालंय का हो?’ — आवाज केवढा हळू, आणि डोळे केवढे मोठे! म्हटलं, आत उकडतं त्यांना. घरात पंखा आहे, मोठी खिडकी आहे, शिवडीकडून खाडीचा वारा येतो. उकडतं म्हणे!

महिना होऊन गेला इथे येऊन. डिलाईल रोडची आमची चाळ पडली, तिच्याच जागी हा टॉवर उभा राहिला, आणि आम्ही दोघं अकराव्या मजल्यावर आलो. वेगळी बेडरूम! दार लावलं की लागतं. भिंती मात्र कागदाच्या. मृणालिनीचा मिक्सर सुरू झाला की वाटतं आपल्याच ओट्यावर कोणी चटणी वाटतंय. पण घर आपलं. आणि घरधनी पॅसेजमध्ये.

४ मार्च

पलंग आला. डबल. अनुजाने पाठवला, नव्या घराची भेट म्हणून. ‘गादी तेवढी तुम्ही दोघं दुकानात झोपून बघून घ्या,’ म्हणाली फोनवर. लेकीला काय, बोलायला सोपं. तिचे बाबा म्हणाले, ‘दुकानात कोण झोपता?’

गुडघ्यांनी हात टेकलेत माझ्या. खालच्या अंथरुणावरून उठायचं तर आधी कुशीवर, मग हातावर, मग कपाटाचा कोपरा धरून — मग देवाचं नाव. तेव्हा पलंगाला मी काही नाही म्हणणार नाही. आज जुनी कापसाची गादीच त्यावर टाकली आहे. नुसत्या गाठी.

हे पलंगाभोवती दोनदा फिरले. मग विचारतात, ‘तुझी उशी खंय येतली?’ म्हटलं, पॅसेजच्या भिंतीकडे, आणखी कुठे! खिडकीकडे डोकं केलं तर पहाटेच ऊन डोळ्यांवर. ‘बरां,’ म्हणाले. खूश दिसले. दक्षिणेला डोकं, उत्तरेला पाय, असलं काहीतरी असणार. वय झालं की एकेकाला दिशा सुचायला लागतात.

६ मार्च

लिहूनच टाकते. हे पान कोण वाचतंय!

चाळीत बायका-मुलं आत, पुरुष गॅलरीत. सगळ्यांच्याच घरी तसं. रात्री जेवणं झाली की पुरुष आपापल्या वळकट्या काखेत मारून बाहेर पडायचे, आणि गॅलरीभर माणसंच माणसं. लग्न झालं तेव्हा पहिले काही दिवस सासूबाई नणंदांना घेऊन शेजारी जायच्या झोपायला. मग एके दिवशी त्या परत आल्या आणि हे वळकटी घेऊन बाहेर गेले. ते गेले ते गेलेच. अनुजा कशी झाली मग, असं कोणी विचारलं तर सांगेन — दुपारी सगळे गणपतीला रांगेत उभे होते!

मधली वर्षं लालबागला भाड्याच्या खोलीत काढली, तिथेही गॅलरी होतीच. सासूबाई गेल्या, नणंदा आपापल्या घरी गेल्या, अनुजा सासरी गेली. आत मी एकटी. तरी हे बाहेरच. मीही कधी म्हटलं नाही, ‘आत या.’ कसं म्हणायचं ते? चार माणसं ऐकतील अशी लाज, आणि कोणी ऐकणारं उरलं नाही तेव्हा सवय.

आता दार लागतं. मला एवढंच हवंय — एकदा सकाळी डोळे उघडावेत आणि शेजारी हे असावेत. बास. म्हातारीला हे शोभत नसेल तर न शोभो.

८ मार्च, शनिवार

गादीचं दुकान, परळ. एसी, आणि ओळीने पलंगच पलंग, एखाद्या वॉर्डासारखे. श्रेया नावाची चुणचुणीत मुलगी होती. ‘काका, चप्पल काढून मस्त झोपून बघा.’ काका पलंगाच्या कडेला बसले, पाठ ताठ, पिशवी मांडीवर. जसे काही नंबर यायची वाट बघतायत. मी मात्र पडले! फोमची होती. काय सांगू! कंबर आपोआप जागेवर आली. उठले तर गुडघ्याने हूं की चूं केलं नाही.

श्रेयाने दुसऱ्या एका गादीवर पंजा दाबला. पंजाचा ठसा तसाच, मग हळूहळू भरून आला. ‘ही मेमरी फोम, काका. तुमचा शेप लक्षात ठेवते.’ हे म्हणाले, ‘गादीन कित्याक लक्षात ठेवूक होया?’ पोरगी मालवणची नव्हती, पण हसली.

मग कोपऱ्यात हवेची गादी दिसली. पाहुणे आले तर, सहलीला न्यायला, तसली. श्रेयाने पंप लावला, घुर्रर्र करून गादी टम्म. आणि ह्यांचा चेहरा एकदम उजळला! ‘सकाळी हवा काढून घडी घालूक येता मां?’ येते म्हणाली. ‘मग हीच.’ मी म्हटलं, रोजच्या झोपेला कोणी हवा भरतं का? ती पोरगी पण म्हणाली, ‘काका, रोजसाठी फोमच बरा, काकूंचे गुडघे...’ पण हे ऐकतील तर शपथ. निघताना तिला काय विचारावं — ‘ह्या गादयेक उशयेची बाजू कोणती?’ ती म्हणाली, कुठलीही चालते काका. ‘कुठलीही कशी चालतली?’ ह्यांचं उत्तर.

काही न घेता परत आलो.

१० मार्च

हवेची का, ते आज कळलं. कांदे चिरता चिरता विचारलं, तर म्हणाले, ‘दिवसाढवळ्या हांतरुण पसरून ठेवूचा? घरात कोण आजारी आसा?’

हां. सासूबाईंचं वाक्य. ‘ऊन उंबऱ्यार इला की हांतरुण दिसाक नको!’ एवढीशी खोली, सकाळी अंथरुणं उचलली की तिचंच स्वयंपाकघर, तिचीच बैठक. दिवसा अंथरूण पसरलेलं दिसलं की शेजारीण दारातूनच विचारायची, कोण पडलंय? सासूबाईंचं अंथरूण शेवटी जे पसरलं ते मग उचललंच नाही कितीतरी दिवस. जाता-येता हे ते बघायचे आणि बघत नसल्यासारखं करायचे. म्हणजे ह्यांच्या डोळ्यांना पसरलेली गादी म्हणजे आजारपण. हे मला कळायला हवं होतं.

कळलं, तरी गुडघे माझेच.

१२ मार्च

अनुजाचे तीन फोन. ‘आई, ऑर्थोपेडिक घे.’ ‘आई, बाबांचं ऐकू नकोस.’ ‘आई, हितेंद्रकडे ट्रेकची एअर मॅट्रेस पडून आहे, आधी तीच वापरून बघा ना!’ जावई शहाणा, संध्याकाळी ऑफिसातून उलटा येऊन देऊन गेला. पलंगावरची जुनी गादी काढून हे ती फुगवत बसले. पायाने दाबायचा पंप — फुस्स, फुस्स. नातवासाठी फुगा फुगवावा इतक्या प्रेमाने.

आणि मग — हे आत झोपले! मी अक्षरसुद्धा काढलं नाही. बोलले आणि मोडलं तर?

१३ मार्च, होळी

काय सांगावं! हे कुशीवर वळले की मी वर. मी उठून बसले की हे खाली, मग एकदम वर. बोटीतच बसलोय दोघं. एकदा तर मी घरंगळत ह्यांच्यावरच गेले, तर हे ‘अगो, अगो!’ करून ओरडले. मी तोंडावर पदर धरून हसत राहिले. ह्यांनाही हसू येत होतं, खरं सांगते, खांदे हलत होते. केवढं बरं वाटलं.

सकाळी जागी झाले तर शेजारी कोणी नाही. गादीही नाही! मी पलंगाच्या नुसत्या फळीवर, अंगाखाली गोधडी सारलेली. हलकी ना ती गादी, काखेत मारून बाहेर गेले. कधी मला सोडवलं गादीवरून, कधी गोधडी घातली, पत्ता लागला नाही.

पुरणपोळ्या केल्या. एकही धड फुगली नाही.

१६ मार्च, रविवार

सोसायटीचा सेक्रेटरी आला. सेक्रेटरी कसला, आमच्याच चाळीतला धनेश. चड्डीत होता तेव्हापासून बघतेय. बिचारा दारातच चुळबुळत उभा. ‘काकू, कम्प्लेंट आलीय. कॉमन पॅसेज आहे, फायरवाले बघायला आले तर मला झापतील.’ चहा दिला तसा खुलला. ‘मी पण लवूकाकांच्या शेजारीच झोपायचो ना गॅलरीत. काकांची जागा फिक्स! तुमच्या खिडकीखाली. आरतीची मंडळी बसलेली असू देत, कोणी पत्ते कुटत असू दे — काका तिथून हलायचे नाहीत. एकदा मीच तिथे पथारी टाकली तर मला उचलून पलीकडे ठेवलं. झोपेतच!’

हे आत पेपर वाचत होते. पान काही उलटलं नाही.

हट्टी माणूस. हट्टीच होते आधीपासून. धनेशला तोंड वर करून मी काय सांगणार? म्हटलं, बघते.

१८ मार्च

भांडले. चांगली कडाकडा भांडले. किती दिवसांचं साचलं होतं. म्हटलं, गादीचं निमित्त कशाला करता? हवेची नको, फोमची नको, पलंग नको — सरळ सांगा ना, तुझ्या शेजारी मला झोपायचं नाही! जन्म गेला बाहेर, आता काय राहिलंय आत यायला!

हे उठले. चपला घालून खाली गेले. मी बसून रडले, मग बसल्या बसल्याच शेंगा सोलल्या.

संध्याकाळी आले ते ओले काजू घेऊन. लालबागच्या बाजारात गावाहून आलेली बाई बसते, तिच्याकडचे. ओट्यावर ठेवले आणि स्वतःच सोलायला बसले. बोटं चिकाने काळी होतात म्हणून मला हात लावू दिला नाही. उसळ केली मी. चांगली झाली होती. पण रुसवा काही उसळीने जात नाही. झोपायच्या वेळी हे आपले बाहेर. भिंतीपलीकडेच ना? मग मी पण उशी उचलली आणि खिडकीकडे टाकली. पाय केले त्यांच्याकडे. घ्या!

१९ मार्च, बुधवार



पहाटे बेल. एकदा नाही, लागोपाठ. शिवाय दारावर हात. मी कपाटाला धरून धरून उठले, दार उघडलं तर हे. केस विस्कटलेले, तोंड पांढरंफटक. ‘तू बरी आसस मां?’ माझा दंडच धरला. ‘आवाज येवक नाय गो रातभर. खोकलो नाय, बांगडी नाय. हाका मारलंय, तरी नाय...’

मला काही समजेना. म्हटलं, आवाज कसला? मी उशी फिरवली होती, गाढ झोप लागली होती, एवढंच. ‘माका सांगूक नाय?’ म्हणाले, आणि मटकन खुर्चीत बसले.

मग सांगितलं. मी पाणी दिलं, ते घोटघोट पीत सांगत होते, माझ्याकडे न बघता. गॅलरीतल्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझी उशी असायची. पहिल्या दिवसापासून. सासूबाईंनी ती जागा दिली होती, कारण बाकी कोणाला तिथे झोपायचं नसायचं, वारा लागायचा. आणि बाहेरच्या बाजूला ह्यांची उशी. मधे एक भिंत, एवढंच. कूस बदलली की माझ्या बांगड्या भिंतीला लागतात — मला आज कळतंय! — तो आवाज आला की ह्यांना झोप लागते. लालबागला खोली बदलली तेव्हाही आधी माझी उशी कुठे येते ते बघून ह्यांनी आपली जागा धरली. इथेही. आग विझवायच्या पाइपाखाली काय वारा येतो? काही नाही. त्या भिंतीच्या आत मी.

आणि मी म्हणत होते, दक्षिण दिशा!

विचारलं, मग आतच का झोपत नाही? भिंतीच्या इकडे या ना! तर म्हणाले, ‘आतल्यान झोपाचा, भायल्यान राखूचा. दोघांय आत झोपली तर राखतलो कोण?’

अकराव्या मजल्यावर! खाली दोन वॉचमन, लिफ्टला कॅमेरा. कोणापासून राखणार हो? पण हे मी बोलले नाही. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. लग्नात अंतरपाटाच्या पलीकडे उभे होते ते, तेव्हासुद्धा मी एवढी लाजले नव्हते.

मृणालिनीने दार उघडून बघितलं. बघू दे.

२० मार्च

उशी परत भिंतीकडे. बांगड्या मुद्दाम वाजवल्या एकदा. पलीकडून दोन टिचक्या आल्या. साठी उलटलेली माणसं आम्ही!

२३ मार्च, रविवार

पुन्हा परळ. तीच श्रेया. ‘काका, आज तरी झोपणार?’ ह्यांनी चप्पल काढली. फोमच्या गादीवर पाय वर घेतले, आडवे झाले, शर्ट नीट केला. मी म्हटलं, डोळे मिटा जरा, त्याशिवाय कसं कळणार? ‘आणि तू?’ मी इथे आहे ना, म्हटलं. स्टूल ओढलं, दुकानाच्या दाराकडे तोंड करून बसले, पर्स मांडीवर.

मिटले डोळे. आणि झोपले! खरंच झोपले. भर दुपारी, दुकानात, बाहेर हॉर्न वाजतायत, आत लोक गाद्या दाबून बघतायत. तोंड थोडं उघडं, एक हात छातीवर. झोपलेले इतक्या जवळून मी ह्यांना कधी बघितलं होतं? उजव्या भुवईत एक लांब पांढरा केस आहे. मला माहीतच नव्हता.

श्रेया येऊन हळूच म्हणाली, ‘काकू, उठवू का?’

‘राहू दे गं.’

‘मॅनेजर...’

‘मॅनेजरला सांग, गादी घेतली.’

फोमचीच घेतली. पाडव्याला घरी येईल. उठल्यावर ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘मी खंय झोपललंय? डोळे मिटले होते नुसते.’

२७ मार्च

घडीचा प्रश्न राहिलाच होता, तो ह्यांनीच सोडवला. माळ्यावरून चाळीतली सतरंजी काढली, झटकली, उन्हात घातली. दिवसा ती पलंगावर अंथरायची, भिंतीशी लोड लावायचे. म्हणजे ते अंथरूण नव्हे, बैठक! रात्री सतरंजी काढली की अंथरूण. सासूबाईसुद्धा काही बोलू शकल्या नसत्या. मी म्हटलं, वकील व्हायचं होतं तुम्ही.

३० मार्च, पाडवा

गुढी खिडकीत उभारली. काठाचा खण, कडुलिंब, साखरेची माळ. दुपारी गादी आली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. दोन माणसांनी लिफ्टमधून उभी आणली. ह्यांनी तिच्यावर हळद-कुंकू टाकलं! नवी गाडी आली की टाकतात तसं. अनुजा, हितेंद्र जेवायला होते. अनुजा म्हणाली, ‘बाबा, आज पॅसेज बंद हां.’ ह्यांनी श्रीखंड वाढून घेतलं.

सगळे गेल्यावर पॅसेजमधली वळकटी आत आणून ठेवली. स्वतः. पाय धुतले. विचारलं, ‘खयची बाजू तुझी?’ मी म्हटलं, भिंतीची. दाराकडची तुमची.

नवी चादर घातली आहे. निळी.

३१ मार्च, सोमवार

आत झोपले. माझ्या शेजारी. पडल्या पडल्या, लहान मुलासारखे, गाढ.

गादी छान आहे. गुडघ्यांची तक्रार नाही. पण माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. कूस बदलली, पाणी प्यायले, दाराची कडी दोनदा बघून आले — काय खुपतंय तेच कळेना. मग कळलं. बाहेर कोणी नव्हतं.

हळूच उठले आणि ह्यांना ओलांडून पलीकडे जाऊन पडले. आजपासून दाराकडची बाजू माझी.